कोच वालादचा सत्कार

शाल मी आणली. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सगळ्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. हॅरिस पार्कच्या दुकानात मी अर्धा तास घोळत उभा होतो, मरून घेऊ की पांढरी. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "किसके लिए है, भैया?" मी म्हटलं, "हमारे कोच रिटायर हो रहे हैं." बोलताना जीभ जराही अडखळली नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो एक माणूस सोडून मी हे जगात कुणालाही सांगू शकत होतो.

मी व्हिव्हियन तुस्कानो, मूळचा वसईचा, बावीस वर्षं ऑस्ट्रेलियात, टूनगॅबीत. नोकरी पुलांची डिझाइन्स तपासायची आणि उरलेल्या वेळात सह्याद्री फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी. क्लब आम्ही वसईकरांनी काढला, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पोटं कमी करायला. मग पुण्याचे आयटीवाले आले आणि त्यांनी घटना, लोगो, वेबसाइट असं सगळं आणलं. नंदू अध्यक्ष झाला. पोरं बरी निघाली, पाच वर्षांत दोनदा वरच्या लीगमध्ये चढलो आणि तिथे आमची हवा निघाली. तेव्हा नंदू म्हणाला, "आता प्रॉपर कोच पाहिजे, यार. परदेशी." ऑस्ट्रेलियात बसून आम्ही परदेशी कुणाला म्हणतोय, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

एतियेन वालादचा बायोडेटा चार पानांचा होता. फ्रान्सच्या उत्तरेतल्या एका खाणीच्या गावात जन्म, तिथल्याच दुसऱ्या दर्जाच्या संघात बचावपटू, सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला. त्यानंतर एकेचाळीस वर्षं कोच. लिब्रेव्हिल, दुआला, मस्कत, पोर्ट लुई, हनोई, मापुतो, शेवटी डार्विन. अकरा देश, एकोणीस क्लब. नंदूने ती पानं कमिटीत फिरवली. "एकोणीस क्लब! अनुभव बघा केवढा." एकोणीस क्लब म्हणजे एकोणीस वेळा काढून टाकलेला माणूस, हे साधं गणित तिथे बसलेल्या सात इंजिनियरांपैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. आपल्याकडे लांब बायोडेटा दिसला की माणूस आधी हात जोडतो आणि मग वाचतो.

तो टूवूंबाहून बसने आला. त्याची दुसरी बायको तिथली. बायको सोडून गेली, तिच्यामुळे मिळालेला व्हिसा राहिला, म्हणून तोही राहिला होता. उंच, जरा वाकलेला, सदुसष्ट वर्षांचा म्हातारा, आणि पायात फुटबॉलचे काळे बूट. बसमध्येही तेच घालून बसला होता म्हणे. आमच्या घराच्या मागे ग्रॅनी फ्लॅट आहे, सासूबाई येतील म्हणून बांधलेला. सासूबाई काही आल्या नाहीत, कोच आला. त्याच्या दोन सुटकेसेस होत्या. एक त्याने त्याच दुपारी उघडली. दुसरी दाराच्या मागे उभी करून ठेवली.

"ती?" मी विचारलं.

"ती भरलेलीच असते," तो म्हणाला. "निघताना वेळ मिळत नाही."

त्याच्या इंग्रजीत फ्रेंच, पोर्तुगीज आणि थोडी अरबी मिसळलेली असे. मी ते इथे मराठीत लिहितोय, म्हणून ते होतं त्यापेक्षा सरळ वाटेल.

ग्लोरियाने, म्हणजे माझ्या बायकोने, चहा केला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने आम्हाला आपली नोकरी कशी कशी गेली ते सांगितलं. अगदी मजेत सांगत होता. एका ठिकाणी सकाळी न्यायला येणारी गाडी आलीच नाही. एका राजधानीत मंत्र्याच्या ड्रायव्हरने येता येता सांगितलं. एकदा संघाबरोबर विमानात चढला तर त्याच्या सीटवर नवा कोच बसलेला. एका गावात ऑफिसच्या दाराला किल्ली लागेना, म्हणून त्याने शिपायाला हाक मारली, तर शिपाई आतून म्हणाला, साहेब, कुलूप बदललंय. ग्लोरिया हसत होती. मीही हसत होतो. मग तो हसायचा थांबला.

"काढलं याचं मला काही नाही," तो म्हणाला. "कोचला काढतातच. पण एकोणीस वेळा, व्हिव्हियन, एकाही माणसाने समोर येऊन सांगितलं नाही. मी कुठेही गेलो की एकच गोष्ट मागतो. संपेल तेव्हा एकाने यावं. मी बूट घातलेले असताना यावं आणि माझ्या तोंडावर सांगावं, कोच, तुझं काम संपलं. बस. तू सांगशील?"

"सांगेन," मी म्हटलं. आमच्या टेबलाच्या वर क्रूस आहे. त्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "प्रॉमिस," मी म्हटलं. प्रॉमिस करायला माझ्या बापाचं काय जात होतं?

सीझन वाईट गेला. त्याची पद्धत जुनी होती. पहिला महिनाभर तो पोरांना चेंडूला पायच लावू देईना, नुसतं उभं कुठे राहायचं ते शिकवायचा. मैदानावर चुन्याने चौकोन आखायचा आणि ज्याला त्याला आपापल्या चौकोनात उभं करून स्वतः वाऱ्यासारखा मधून धावायचा. वारा कसला, गुडघा धरून लंगडायचा. पहिल्या अकरा मॅचेसपैकी नऊ हरलो. आईबाप साइडलाइनवरून त्याला शिकवायला लागले. चिडला की तो खेळाडूंना भलत्याच नावांनी हाका मारी. सलिलला मामादू म्हणायचा, क्लेटनला तुआन. ती कुठल्या कुठल्या देशांत मागे राहिलेल्या पोरांची नावं होती. आधी सगळे हसायचे, मग नंदूला त्याची काळजी वाटू लागली, आणि मग कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं वय हा विषय रोजचा झाला.

माझी मुलगी रोशेल तेवढी त्याच्या बाजूने होती. ती युनीत शिकते आणि आमच्या मुलींच्या संघात खेळते. तिने कोचच्या फोनवर क्लबचं फेसबुक पेज लावून दिलं होतं. तो चष्मा कपाळावर ढकलून प्रत्येक फोटोला अंगठा द्यायचा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कमिटी बसली. चार मॅचेस उरल्या होत्या, आम्ही तळाला होतो. नंदूने आधीच एक माणूस शोधून ठेवला होता, तिशीतला, लॅपटॉपवाला. सही व्हायची तेवढी बाकी होती. ठराव दोन मिनिटांत झाला. मग दीड तास एकाच गोष्टीवर गेला: त्याला सांगायचं कुणी?

"व्हिव्हियन, तुझ्याकडेच राहतो तो."

"म्हणूनच मला नको," मी म्हटलं. प्रॉमिसची गोष्ट काढली नाही. काढली असती तर मलाच जावं लागलं असतं.

"नंदू, तू प्रेसिडेंट आहेस."

"अरे, माझ्या बाबांच्या वयाचा आहे तो. मी कसा सांगू?"

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी तयार होईना. शेवटी नंदूची बायको नीलिमा समोसे घेऊन आली आणि तिने एका वाक्यात सगळ्यांना सोडवलं. "सांगायचं कशाला? सन्मानाने निरोप द्या ना. सीझन संपला की छान सत्कार करू. शाल, मानपत्र, दोन शब्द. मोठा माणूस आहे, समजून जाईल."

सगळ्यांचे चेहरे खुलले. माझाही. खरंच, आपल्याकडे कोण समजत नाही? हेडमास्तरांच्या खांद्यावर शाल पडली की ते घरी जाऊन खुर्चीत बसतात. ऑफिसात भाषणं सुरू झाली की माणूस ड्रॉवर रिकामा करायला घेतो. आपल्यात कुणी कुणाला जा म्हणत नाही. आपण त्याची इतकी स्तुती करतो की त्याला उठावंच लागतं. नीलिमाने लगेच यादी केली. नारळही लिहिला होता, तो तिने पुन्हा वाचताना खोडला. म्हणाली, उगाच कुणाला तरी हसू येईल.

आणि मग त्या म्हाताऱ्याने घात केला. उरलेल्या चारांपैकी दोन मॅचेस जिंकल्या, एक बरोबरीत सुटली. शेवटच्या मॅचला, लीगमध्ये टिकायला, आम्हाला एकच गुण हवा होता. सत्तराव्या मिनिटाला आम्ही एका गोलने मागे होतो. तेव्हा त्याने सगळ्यांना आपापल्या चौकोनात परत पाठवलं. पोरांना खरंच ते चुन्याचे चौकोन दिसत असावेत, चुना कधीच पुसला गेला होता तरी. शहाऐंशीव्या मिनिटाला क्लेटनने डोक्याने गोल मारला. एक-एक. लीगमध्ये राहिलो. कोच धावत मैदानात गेला आणि गुडघ्यामुळे मध्येच बसला. पोरांनी त्याला तिथूनच उचलला.

मी नंदूकडे पाहिलं. नंदूने माझ्याकडे पाहिलं नाही. "सही झालीय रे," तो म्हणाला. "परवाच."

सत्कार पुढच्या रविवारी दुपारी झाला, चर्चच्या हॉलमध्ये. वसईकरांनी मैद्याचे गोल फुगे तळले, डुकराच्या मटणाचं इंदेल केलं. पुणेकरांनी श्रीखंड-पुरी आणली. कोच सूट घालून आला. मी तो सूट कधी पाहिला नव्हता. घड्या मोडल्या नव्हत्या आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. दाराच्या मागच्या सुटकेसमधला होता तो.

नंदूने भाषण केलं. अनुभवाचा महामेरू वगैरे इंग्रजीत जसं जमेल तसं. "यू विल ऑल्वेज बी पार्ट ऑफ अवर फॅमिली," म्हणाला. फ्रेममधलं मानपत्र त्यानेच लिहिलं होतं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. आपलं स्थान आमच्या हृदयात अढळ राहील, हे नाव सह्याद्रीच्या इतिहासात कायम राहील. निरोप हा शब्द त्यात कुठेही नव्हता. मी तीनदा वाचलं होतं आणि तो नाही हे पाहून मला बरं वाटलं होतं. मग नीलिमाने शाल माझ्या हातात दिली. मी ती त्याच्या खांद्यावर घातली. माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

कोच रडला. साधं डोळे पुसणं नाही, खांदे हलेपर्यंत रडला. मग माइक हातात घेऊन म्हणाला, "एकेचाळीस वर्षांत मला कुणी असं पांघरूण घातलं नाही." त्याने शालीचं टोक मुठीत धरलं. "मला वाटलं होतं तुम्ही मला काढणार. आम्ही तळाला होतो, मी म्हातारा आहे, मला दिसत होतं. आणि तुम्ही मला कुटुंब म्हणालात. पुढच्या सीझनला आपण पहिल्या पाचात असू. मी वचन देतो."

टाळ्या पडल्या. कुणालाच दुसरं काही सुचलं नाही म्हणून पडल्या. नंदूनेही वाजवल्या. मग सगळे जेवायला गेले आणि आपापल्या ताटात बघून जेवले. एवढ्या माणसांनी एकदम तोंडात मिठाची गुळणी धरलेली मी कधी पाहिली नव्हती.

"उद्या सांग हं," गाडीत बसताना ग्लोरिया म्हणाली. "सकाळीच सांग. अजून उशीर नको."

सोमवारी मी घरून काम करायचं ठरवलं ते त्यासाठीच. आठ वाजता मागच्या दाराशी गेलो, तर तोच समोरून आला. खांद्यावर शाल होती.

"हातोडी आहे?" त्याने विचारलं. "आणि एक खिळा."

मी दिली. त्याच्या मागोमाग ग्रॅनी फ्लॅटमध्ये गेलो. दारामागची सुटकेस तिथे नव्हती. पलंगाखाली सरकवली होती, रिकामी, आणि तिच्यातले कपडे कपाटात टांगलेले. मानपत्र टेबलावर होतं.

"अकरा देशांत मी एका भिंतीत खिळा मारला नाही," तो म्हणाला. "मालक ओरडतात. आणि निघताना काढला की भोक राहतं. तुझी परवानगी आहे ना?"

"कोच," मी म्हटलं, "मला जरा बोलायचंय."

"मलाही. सकाळीच मी डार्विनला फोन केला." मग त्याने सांगितलं. डार्विनच्या एका अ‍ॅकॅडमीने त्याला बोलावलं होतं, लहान मुलांना शिकवायला. राहायला खोली होती, तीन वर्षांचा करार होता. महिनाभर ते थांबले होते आणि सोमवारी उत्तर हवं म्हणाले होते. त्याने ते आपल्यापाशीच ठेवलं होतं, आम्ही काढलं तर असावं म्हणून. "नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "म्हटलं, आता माझं इथे कुटुंब आहे. त्यांना वाईट वाटलं, पण चांगले लोक आहेत." मग हातोडी माझ्यापुढे धरली. "तू मार. माझा हात हलतो."

मी खिळा मारला. दुसरं काय केलं म्हणून सांगू? तोंड उघडलं होतं, त्यात शब्द होते, आणि मी भिंतीत खिळा मारला. सरळ बसावा म्हणून लेव्हल लावून मारला. फ्रेम टांगून तो दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, "यात मराठीत काय लिहिलंय?" मी वाचून अर्थ सांगितला. अढळ म्हणजे काय तेही सांगितलं.

मग मी घरात येऊन डार्विनला फोन केला. त्याला सांगण्याऐवजी मी तीन हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाला सांगितलं की गैरसमज झालाय, वालाद येऊ शकतो. तो भला माणूस होता. म्हणाला, मेट, तासाभरापूर्वीच दुसऱ्याला हो म्हटलं, तो आठवडाभर तयारच बसला होता. सॉरी. मी म्हटलं, नो वरीज. हे मी खरंच म्हटलं.

नंदूला फोन केला. "नवीन कोचची अनाउन्समेंट थांबव," मी म्हणालो. "त्याला कळलेलंच नाहीये."

"कळलं नाही म्हणजे? शाल दिली ना आपण!"

"नंदू, तो फ्रेंच आहे."

"हो, पण माणूस आहे ना. एवढं कळत नाही?" मग म्हणाला, "बरं, गुरुवारपर्यंत थांबतो. तोवर तू सांग. तुझं ऐकेल तो."

मंगळवारी मी ऑफिसला गेलो. मुद्दाम लवकर गेलो. बुधवारी कोच नवा सीझन कागदावर आखत बसला होता, मला खिडकीतून दिसत होता. चौकोनच चौकोन. मी ग्लोरियाला म्हटलं, उद्या नक्की. ती त्याच्यासाठी डबा घेऊन गेली आणि डोळे पुसत परत आली, म्हणजे तिलाही जमलं नव्हतं. मला त्याही वेळी थोडं बरं वाटलं, इतका मी खाली उतरलो होतो.

गुरुवारी बारा वाजता नंदूने पोस्ट टाकली. नव्या कोचचा फोटो, हातात आमचा स्कार्फ, वर मोठ्या अक्षरांत वेलकम. मी मीटिंगमध्ये होतो. रोशेलचा फोन आला.

"डॅड, यू डिडंट टेल हिम?"

"संध्याकाळी सांगणार होतो."

"ही सॉ इट. मी तिथेच होते. ही लाइक्ड इट, डॅड. ही थॉट इट वॉज अ न्यू असिस्टंट. देन ही रेड इट अगेन." ती रडत होती. "हाउ कुड यू?"

मी ट्रेनने घरी आलो. टूनगॅबी स्टेशनपासून घर दहा मिनिटांवर आहे, मी पंचवीस मिनिटं लावली. मागचं दार उघडं होतं. कोच अंगणात उभा होता. एक सुटकेस भरून पायरीशी ठेवलेली. दुसरीचं तोंड उघडं, तिच्यात फक्त शाल, दुकानातल्या घडीवर घडी करून. त्याने ट्रॅकसूट घातला होता आणि पायात ते काळे बूट, पॉलिश केलेले. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"मला कळलंय," तो म्हणाला. "ते सोड. पण तू प्रॉमिस केलं होतंस. मी बूट घातलेत. सांग."

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. चार शब्द होते. कोच, तुझं काम संपलं. त्याने स्वतःच शिकवलेले, घरच्या टेबलावर, क्रुसाखाली. आता त्यात कसली बातमीही उरली नव्हती. त्याला फक्त ते एका माणसाच्या तोंडून ऐकायचे होते. एवढंच त्याने अकरा देशांत मागितलं होतं आणि एवढंच माझ्या हातात अजून शिल्लक होतं.

"कोच," मी म्हटलं, "आत या. आधी चहा घेऊ."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मान हलवली, जशी एखादा पोरगा सोपा पास चुकला की तो हलवायचा. मग पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि माझ्या आवाजात, माझ्या वसईच्या इंग्रजीत, स्वतःलाच म्हणाला, "कोच, तुझं काम संपलं." मग आपल्या आवाजात म्हणाला, "थँक यू, व्हिव्हियन." आणि पुढे होऊन माझा हात हातात घेतला.

मला रडू आलं. त्याला नाही आलं. तो पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. दुपारीच घट्ट बांधल्या असाव्यात. गाठ काही सुटेना. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. ती गाठ मात्र मी खाली वाकून सोडून दिली.